बेदाणा स्टोअरेजचं सॉफ्टवेअर आणि आमचं ऑफिस: प्रकल्प नोंदी, २०२५

३ एप्रिल २०२५, गुरुवार

सांगलीतल्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसला कोल्ड स्टोअरेजचं काम पक्कं झालं. तासगावकडचं आहे, बेदाणा ठेवतात, सीझन भरात आहे त्यामुळं मालक बोलायला बसले तेच रात्री उशिरा, गाड्या रिकाम्या झाल्यावर. काम तसं सरळ, शेतकरी माल आणतो, वजनकाटा होतो, १५ किलोचे बॉक्स मोजून चेंबरमध्ये लागतात, पावती फाटते, महिन्याचं भाडं चढत राहतं आणि सौद्यात, म्हणजे लिलावात, माल विकला की गेटपास. आत्ता हे सगळं एका जुन्या प्रोग्रॅमवर आणि जाडजूड रजिस्टरवर चाललंय. प्रोग्रॅम ज्यानं लिहून दिला तो पुण्याला गेला, आता फोन उचलत नाही, आणि सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, कुणाकडंच नाही.

मालकांनी रेट विचारायच्या आधी एकच विचारलं, "ताई, तुम्ही पण असंच मध्येच सोडून जाणार नाही न्हवं?"

मी म्हटलं आबा, तोंडी सांगून काय उपयोग, कागदावर लिहून देते. आजचा अख्खा दिवस त्या कागदात गेला. ५०० च्या स्टॅम्पवर, कारण ऑक्टोबर २०२४ पासून १०० चा चालत नाही. त्यात असं लिहिलं: कोड जिथं ठेवतो ते अकाउंट त्यांच्या नावावर उघडायचं, आम्ही त्यात काम करायचं. शेवटचा हप्ता मिळाला की कोडचे हक्क त्यांचे. डेटा मात्र पहिल्या दिवसापासून त्यांचाच, पैसे थकले तरी डेटा अडवायचा नाही. हे शेवटचं वाक्य भागीदाराला पटत नव्हतं, तो म्हणाला मग आपल्या हातात राहिलं काय. माझं म्हणणं असं की शेतकऱ्याच्या मालाची नोंद हे आपलं वसुलीचं हत्यार होऊच शकत नाही, पैसे अडकले तर नवीन काम थांबवू, नोटीस देऊ, पण त्यांच्या गेटवर गाडी अडकता कामा नये. शेवटी तसंच ठेवलं.

१७ एप्रिल, गुरुवार

मोबाईल स्क्रीनचं डिझाइन आणि थोडा फ्रंट-एंड, म्हणजे वापरणाऱ्याला दिसणारा भाग, कोल्हापूरच्या एका फ्रीलान्सर मुलीकडं देतोय, चांगलं काम करते, वेळ पाळते. पण तिच्याबरोबर पण लेखी करार केला आणि तिला तो बसून समजावून सांगितला, कारण हे बरेच छोटे ऑफिसवाले करत नाहीत.

गोष्ट अशी आहे की आपल्या कॉपीराइट कायद्यात, १९५७ च्या, कॉम्प्युटर प्रोग्रॅम हे साहित्यकृतीत धरलंय. पगारावरच्या माणसानं नोकरीचा भाग म्हणून कोड लिहिला तर कलम १७ प्रमाणं मालकी कंपनीची. पण फ्रीलान्सर नोकर नसतो, त्यामुळं त्यानं लिहिलेलं त्याचंच राहतं, तुम्ही पैसे दिले तरी. हक्क पाहिजेत तर लेखी आणि सहीनिशी घ्यावे लागतात. आणि त्या कागदात मुदत लिहिली नाही तर कलम १९ प्रमाणं ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणजे आबांना मी ३ तारखेला जे लिहून दिलंय की कोड तुमचा, ते देण्याचा अधिकार मला आधी माझ्याकडं असायला पाहिजे ना. म्हणून तिच्याकडून कायमस्वरूपी आणि सगळ्या प्रदेशांसाठी असं स्पष्ट लिहून घेतलं, त्याबदल्यात तिला पोर्टफोलिओमध्ये स्क्रीन दाखवायची मुभा आणि बिल मिळाल्यापासून १० दिवसांत पेमेंट. आपण क्लायंटकडं वेळेत पैसे मागतो तर तिला पण वेळेतच मिळाले पाहिजेत, आबांचा हप्ता आला नाही हे तिला सांगायचं कारण असू शकत नाही.

९ मे, शुक्रवार

डेटा कन्व्हर्जन, म्हणजे जुना डेटा नवीन सॉफ्टवेअरमध्ये आणणं. तो सगळा श्रीलिपी ह्या जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेला, आता सगळीकडं चालतं त्या युनिकोडमध्ये आणला की निम्मी जोडाक्षरं तुटतात. "क्षीरसागर" चं काहीतरी भलतंच होतंय. ज्या नावात पहिली वेलांटी आहे तिथं ती अक्षराच्या आधी साठवलेली असते, ती मागं न्यावी लागते, रफार असेल तर अजून वेगळा नियम. धाकट्या डेव्हलपरनं आठवडाभर मान मोडून टेबल बनवलं, आता बहुतेक नावं नीट येतात, उरलेली हातानं दुरुस्त करायची आहेत.

खरी अडचण फॉन्टची नाहीच, माणसांची आहे. एका गावात एकाच नावाचे चार पाटील, त्यात दोघांच्या वडिलांचं नाव पण सारखं. जुन्या प्रोग्रॅममध्ये दोघांची खाती एकत्र झालेली आहेत आणि ते फक्त अण्णांना माहीत. अण्णा म्हणजे स्टोअरेजचे सुपरवायझर, तीस-एक वर्षं तिथंच आहेत, त्यांना नाव वाचलं की माणूस दिसतो, "ह्यो मळ्यातला, त्यो स्टँडजवळचा." डेव्हलपर म्हणाला मोबाईल नंबर सारखे असतील ती खाती एकत्र करूया, एका कमांडमध्ये होईल. मी नाही म्हटलं. पोराचा नंबर बापानं दिलेला असतो, अडत दुकानाचा नंबर वीस शेतकऱ्यांना लावलेला असतो. अण्णांबरोबर बसून एकेक नाव लावायचं ठरलं, रोज दुपारी आवक कमी असते तेव्हा. वेळ जाईल, आमच्या अंदाजपत्रकात हा वेळ धरलेला नाही, तरी हे असंच करणार.

आज अजून एक गोष्ट कळली जी ठरलेल्या कामात कुठंच नव्हती. बऱ्याच शेतकऱ्यांनी ह्या मालावर बँकेचं तारण कर्ज घेतलंय. पावती बँकेत, माल इथं. बँकेचं पत्र आल्याशिवाय तो लॉट बाहेर जाता कामा नये. आत्ता अण्णा रजिस्टरमध्ये त्या ओळीवर लाल पेननं "ता" लिहितात, बस्स. अण्णा सुट्टीवर असले की बदली माणूस रजिस्टर चाळून बघतो. म्हणजे आमच्या सॉफ्टवेअरनं तो लाल "ता" विसरून गेटपास छापला तर बँकेचं तारण गेलं, स्टोअरेजवर केस आणि शेतकऱ्याचं नाव खराब. भागीदार म्हणाला एक्स्ट्रा फीचर आहे, वेगळं कोटेशन देऊ. त्याचंही बरोबर आहे, आमचे पण तास जातात, आणि रिपोर्ट, बँकेला मेल वगैरे जे आहे त्याचे पैसे घेऊच. पण कुलूप, म्हणजे तारणातला लॉट निवडला की गेटपासचं बटणच बंद, ते पहिल्याच व्हर्जनमध्ये जाणार, ह्याच पैशात. ते नसेल तर मी हे लाइव्ह करणार नाही असं आज सांगून टाकलं.

आणि कुलूप उघडायला दोन माणसं लागणार, एकानं बँकेचं पत्र स्कॅन करून चढवायचं, दुसऱ्यानं मंजूर करायचं. अण्णांना हे आवडलं. म्हणाले "आता रात्री झोप लागंल."

२५ जून, बुधवार

आज जीएसटीचं मे महिन्याचं चलन भरलं. आमचं तिमाही रिटर्न आहे त्यामुळं तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांचं चलन पुढच्या महिन्याच्या २५ पर्यंत, आणि तिसऱ्यात सगळा हिशोब.

ऑफिसमधली सपोर्टची मुलगी आता बिलिंग शिकतेय, तिला आज हा पैसा कसा वाटला जातो ते आबांच्या पहिल्या बिलावरच दाखवलं, इथं पण लिहून ठेवते म्हणजे पुढच्या माणसाला सापडेल. बिल २,००,००० चं. त्यावर १८ टक्के जीएसटी ३६,०००, एकूण २,३६,०००. टीडीएस, म्हणजे बिल देणारा आधीच कापून सरकारला भरतो तो कर, जीएसटी सोडून मूळ रकमेवर कापतात, टेक्निकल सर्व्हिसला २ टक्के, म्हणजे ४,०००. (त्यांच्या अकाउंटंटनं आधी १० टक्के धरला होता, सीए सरांनी बोलून नीट करून घेतलं, नाहीतर १६,००० उगाच रिफंडची वाट बघत बसले असते.) खात्यात आले २,३२,०००. आता ह्यातले ३६,००० आपले नाहीतच, ते दुसऱ्या खात्यात त्याच दिवशी. उरले १,९६,०००. त्यातून फ्रीलान्सरचं बिल, भाडं, सर्व्हर, मग दोन महिन्यांचे पगार बाजूला, मग ॲडव्हान्स टॅक्स, मग काय राहिलं तर आम्ही दोघं भागीदार. आणि ह्या एप्रिलपासून भागीदारांना फर्मनं दिलेल्या मोबदल्यावर आणि व्याजावर पण टीडीएस आलाय, वर्षाला २०,००० च्या वर गेलं की १० टक्के, ते नवीन कलम छोट्या फर्मना अजून माहीतच नाही.

ती म्हणाली ताई, मेसेज तर २,३२,००० चा आला. हो, मेसेज तेवढ्याचाच येतो. छोटा धंदा बुडतो तो बहुतेक वेळा काम नसल्यामुळं नाही, ह्या मेसेजमुळं बुडतो असं माझं स्पष्ट मत आहे, दुसऱ्याचा पैसा आपल्या खात्यात आहे म्हणून आपला धरला की गाडी, मोठं ऑफिस, आणि चलन भरायची तारीख आली की कर्ज. आमच्याकडं दोन खाती आहेत आणि दुसऱ्या खात्याला हात लावायला दोघांच्या सह्या लागतात.

पगार १ तारखेला, क्लायंटचे पैसे येवोत न येवोत.

२२ जुलै, मंगळवार

जीएसटीचं तिमाहीचं ३बी रिटर्न भरलं, आजची शेवटची तारीख होती. ह्यात एका जुन्या क्लायंटच्या एप्रिलच्या बिलाचा जीएसटी पण गेला, आणि ते बिल अजून मिळालेलं नाही. जीएसटी बिलावर लागतो, पैसे आल्यावर नाही, त्यामुळं त्यांचा कर आम्ही खिशातून भरला आणि त्यांनी मात्र इनपुट क्रेडिट, म्हणजे त्याच जीएसटीची वजावट, घेतलं असणार. हा क्लायंट म्हणजे एक कारखाना, बरा चाललाय, अडचणीत वगैरे अजिबात नाही. त्यांचा अकाउंटंट म्हणतो ९० दिवस ही आमची पॉलिसी आहे.

पॉलिसी कुणाचीही असो, कायदा आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं पेमेंट लेखी करार असेल तर ठरलेल्या तारखेला पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत. ९० दिवसांवर दोघांनी सह्या केल्या तरी ते ४५ च्या पुढं चालत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, जुलै २०२५ ला रेट ५.७५ होता म्हणजे १७.२५ टक्के, ते पण दर महिन्याला चक्रवाढ. आणि १ एप्रिल २०२४ पासून इन्कम टॅक्सचं ४३बी(एच) हे कलम लागू झालंय, मुदत संपूनही ३१ मार्चला आमचे पैसे थकलेले असले तर त्यांना त्या वर्षी तो खर्च धरता येत नाही, प्रत्यक्ष देतील त्या वर्षीच. हे शेवटचं कळलं की अकाउंटंट लोक जागे होतात. फक्त तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, पाहिजे, ते फुकट होतं, आधारवर, एजंटला पैसे देऊ नका, आणि नंबर प्रत्येक बिलावर छापा.

पत्र पाठवलं. भाषा साधी ठेवली, बिल नंबर, तारीख, ४५ दिवस कधी संपले, आजपर्यंतचं व्याज, उद्यम नंबर. खाली एक ओळ की १५ दिवसांत नाही आलं तर थकलेल्या पेमेंटच्या सरकारी तक्रार पोर्टलवर अर्ज करू. भागीदाराला भीती होती की क्लायंट तुटेल. माझं मत, ऑफिसमधल्या मुलांचे पगार वेळेत द्यायची जबाबदारी माझ्यावर आहे तर वसुलीची लाज मला परवडत नाही.

२० ऑगस्ट, बुधवार

कोयना धरणाच्या विसर्गाचे मेसेज सगळ्या ग्रुपवर. सांगलीत ऑगस्टमध्ये पाऊस लागला की सगळ्यांचं एकच, आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी किती फूट झालं. ४० ला इशारा, ४५ ला धोका, आणि २०१९ ला ते ५७ च्या वर गेलं होतं. तेव्हा गावभागातल्या, मार्केटमधल्या कितीतरी दुकानांचे सीपीयू गाळात निघाले, हिशोब, उधारी, सगळं त्यातच. आमचं ऑफिस विश्रामबागेत वरच्या मजल्यावर आहे, स्टोअरेज तर नदीपासून लांब, तरी आज बाकीची कामं बाजूला ठेवून रिस्टोअरची तालीम घेतली.

बॅकअप घेतो असं सगळे सांगतात, परत उभा करून कुणी बघत नाही. आम्ही एक रिकामा डेस्कटॉप घेतला, जुना, साधा, मुद्दाम तसाच. धाकट्या डेव्हलपरला सांगितलं, समज ऑफिस नाही, मी नाही, भागीदार नाही, तुझ्याकडं फक्त हा कागद आणि इंटरनेट. मुंबईच्या क्लाउडवरून कालची फाईल उतरवली, पोस्टग्रेस हा डेटाबेसचा प्रोग्रॅम टाकला, डेटाबेस चढवला, पावत्यांच्या स्कॅनचं फोल्डर वेगळं आणलं. कागदावर जिथं जिथं तो अडखळला तिथं वाक्य बदललं, "की लावा" म्हणजे कुठली डिजिटल किल्ली, कुठं ठेवलीये, हे माहीत असणाऱ्यालाच कळत होतं. चहाच्या वेळेपर्यंत लॉगिन आलं.

पण लॉगिन आलं म्हणजे झालं असं नाही. अण्णांना फोन लावला, म्हटलं चेंबर चारचे कालचे संध्याकाळचे बॉक्स सांगा रजिस्टरवरून. त्यांनी वाचले, इकडं जुळले. मग तारणातले पाच लॉट विचारले, पाचही बंद दिसले, गेटपास निघत नव्हता. मग आज घरी जायला हरकत नाही असं वाटलं. आता दर तीन महिन्यांनी हे करायचं, आणि दर वेळी वेगळ्या माणसानं.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. ऑफिसच्या मशीनची पूजा, झेंडू महाग. पूजेनंतर सगळे बसलेच होते तर पासवर्डचं काम उरकून घेतलं: डोमेन, सर्व्हर, जीएसटी, बँक, प्रत्येक गोष्टीला दोन माणसं माहीतगार, एक मी किंवा भागीदार आणि एक टीममधलं. मला उद्या काही झालं तर १ तारखेचा पगार कोण सोडणार, ह्याचं उत्तर लिहून तिजोरीत ठेवलं.

१३ ऑक्टोबर, सोमवार

उद्यापासून विंडोज १० चा सपोर्ट बंद. स्टोअरेजच्या काट्यावरचा पीसी त्यावरच आहे आणि विंडोज ११ त्यावर चढत नाही. आबा म्हणाले चालतोय की, कशाला बदलायचा. मी त्यांना घाबरवलं नाही, खरं तेवढं सांगितलं, मशीन उद्या पण चालू होईल, पण सुरक्षेच्या नवीन दुरुस्त्या येणार नाहीत, आणि ह्याच मशीनवरून गेटपास निघतो. दोन पर्याय दिले, नवीन पीसी किंवा वर्षभराचे जादा अपडेट आणि तोवर ह्या मशीनचं बाकीचं इंटरनेट बंद. त्यांनी नवीन घ्यायचं ठरवलं, दिवाळीनंतर. आम्ही हार्डवेअर विकत नाही, कमिशन पण घेत नाही, त्यामुळं आमच्या सल्ल्यावर त्यांना विश्वास ठेवता येतो.

बाजारात आता झिरो पेमेंटची गडबड. दिवाळीच्या आधी बेदाण्याचे सौदे काही दिवस बंद ठेवतात आणि व्यापारी, अडते, शेतकरी सगळ्यांची येणी-देणी शून्यावर आणायची, मगच नवीन सौदे. कुठल्या सॉफ्टवेअर कंपनीत मी अशी शिस्त बघितली नाही. आबांनी आमचा पण हप्ता त्यातच चुकता केला, मागायच्या आधी. आम्ही पण ह्या वर्षी तेच केलं, फ्रीलान्सर, भाडं, नेटवाला, प्रिंटवाला, सगळे शून्य. बोनस कायदा आमच्याएवढ्या ऑफिसला लागत नाही, तरी मुलांना बोनस दिला, वर्षभर ह्या कामात अण्णांबरोबर दुपारच्या दुपारी बसलेत ते.

कारखान्यानं पण मुद्दल दिलं. व्याज नाही. व्याजाचं पत्र वेगळं लावलंय.

१७ नोव्हेंबर, सोमवार

डेटा संरक्षण कायद्याचे नियम गेल्या आठवड्यात आले. कायदा २०२३ चा, मुख्य जबाबदाऱ्यांना १८ महिने मुदत आहे, पण सुरक्षेत हयगय झाली तर दंड २५० कोटींपर्यंत. आकडा ऐकून टीममध्ये एकदम शांतता. मी म्हटलं दंड राहू द्या, आधी आपल्याकडं आहे काय ते बघू. शेतकऱ्याचं नाव, गाव, मोबाईल, बँक खातं, आणि जुन्या फोल्डरमध्ये आधारच्या झेरॉक्सचे स्कॅन, ढीगभर. ते कशाला लागतात असं आबांना विचारलं, त्यांना पण माहीत नाही, "आधीपासून घेतोय." भाड्याला लागत नाही, गेटपासला लागत नाही. तारणाला बँक तिचं ती घेते. मग कशाला सांभाळायचं? त्यांच्याकडून लेखी घेतलं आणि ते स्कॅन काढून टाकायचं ठरलं, बॅकअपमधून पण, पावतीच्या फॉर्मवरून तो रकाना पण काढला.

कायद्याच्या दृष्टीनं शेतकऱ्याला जबाबदार स्टोअरेज, आम्ही त्यांच्या वतीनं डेटा हाताळणारे. पण डेटा बाहेर फुटला तर शेतकरी ह्या फरकात पडणार नाही. म्हणून भिंतीवर एक कागद लावला, काही संशयास्पद दिसलं तर पहिला फोन कुणाला, दुसरा आबांना, आणि सर्ट-इन, म्हणजे सरकारची सायबर सुरक्षा संस्था, तिच्या २०२२ च्या आदेशाप्रमाणं तिला ६ तासांत कळवायचं, लॉग, म्हणजे सिस्टीमच्या नोंदी, १८० दिवस ठेवायचे. ६ तास म्हणजे रात्री दोनला कळलं तर सकाळी आठ, ऑफिस उघडायच्या आधी. त्यामुळं फोन नंबर घरचे लिहिलेत.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

शेवटचा हप्ता आला, कोड हक्कांच्या कागदावर सह्या झाल्या. फ्रीलान्सरचं शेवटचं बिल आजच दिलं. काट्यावरचा नवीन पीसी बसला, प्रिंटरची गेटपासची मार्जिन अजून थोडी सरकलेली आहे.

आबांनी त्यांच्या ओळखीच्या अजून एका स्टोअरेजचं काम आणलंय, त्यांना फेब्रुवारीत नवीन माल यायच्या आत पाहिजे. मी हो म्हटलं नाही. वर्षाच्या देखभालीचा करार आबांशी आता सुरू होतोय, नवीन सीझनला पहिले दोन महिने एक माणूस त्यांच्या गेटवर लागणार, आणि आम्ही आहोत पाच जण. सहावा माणूस घ्यायचा तर त्याचा सहा महिन्यांचा पगार आधी बाजूला पाहिजे, ते गणित शनिवारी भागीदाराबरोबर बसून करायचं, मग त्यांना खरी तारीख सांगायची.

राहिलेलं: अण्णांना तारणाचा मासिक रिपोर्ट शिकवणे, मार्जिन, पुढच्या रिस्टोअर तालमीची पाळी सपोर्टच्या मुलीची.